ताईंची चार इस्पिक

प्रिय छोट्या,

बासष्ट वर्षांच्या, डोक्यावर औषधालाही केस न उरलेल्या माणसाला ‘छोट्या’ म्हणायचं म्हणजे जरा अतिच होतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, तेव्हा पोस्टमनसमोर तुझी अब्रू शाबूत आहे. पत्र बघून दचकू नकोस. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू काय करतोस ते मला पाठ झालंय. ‘बरं ताई, बरी आहेस ना, घे, हिच्याशी बोल’ म्हणतोस, की फोन वहिनीच्या हातात. वहिनीशी बोलायला मला आवडतंच, आमच्या दोघींच्या तुझ्याबद्दलच्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत. पण या वेळी जे सांगायचंय ते तुलाच सांगायचंय. हातातलं काम अर्धं टाकून उठायची तुला सवय नाही. कवळीतला एक दात नीट बसत नसेल तर जेवण विसरणारा माणूस तू, म्हणजे पत्रही शेवटपर्यंत वाचशील.

तू पत्ते सोडलेस त्याला पुढच्या महिन्यात एकोणीस वर्षं होतील. सगळ्यांना तू कारण सांगितलंस कंबरेचं. चार चार तास बसवत नाही म्हणालास. दिवसाचे आठ तास बाकावर वाकून लोकांच्या कवळ्या घासणाऱ्या माणसाची कंबर नेमकी ब्रिजच्या टेबलाशीच कशी धरते, हे मी कधी विचारलं नाही. तुझी कंबर माझ्यापेक्षा बरी आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विश्वास ठेवल्याचं सोंग केलं, कारण ते मला सोयीचं होतं. तेव्हापासून आपलं सगळं रीतसर चाललंय. वाढदिवसाला फोन, वर्षातून दोनदा येणं-जाणं, मुलांची चौकशी. तू घरी आलास की माझ्या शेजारी सोफ्यावर बसतोस, टीव्ही बघतोस, चहा पितोस. समोर मात्र एकदाही बसला नाहीस. पंचवीस वर्षं स्पर्धांत तू माझ्या समोर बसायचास, आणि मला त्याची इतकी सवय होती की अजूनही कुठल्याही टेबलाशी बसले की आधी समोर बघते. तुझी आठवण येते रे. हे मी आजवर तोंडाने म्हटलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

परवा कपाट आवरताना मामाचा कपडे झाडायचा ब्रश सापडला. मामा बोटीवर बिनतारी संदेश पाठवायच्या कामावर होता. सुट्टीवर यायचा तो दोन पत्त्यांचे जोड आणि एक फाटकं पुस्तक घेऊन. ब्रिजला चार माणसं लागतात आणि घरात मोठी माणसं दोनच, तो आणि आई. मग बारा वर्षांची मी आणि सात वर्षांचा तू भरतीला. तुझ्या इवल्याशा हातात तेरा पत्ते मावायचे नाहीत, म्हणून मामाने तो ब्रश उलटा ठेवून त्याच्या केसांत तुझे पत्ते खोचून दिले होते. दोन उशांवर बसून तू त्या ब्रशाकडे असा टक लावून बघायचास की आईला हसू आवरायचं नाही. तिचा डाव त्यामुळे नेहमी फसायचा, आणि ती खापर ब्रशावर फोडायची.

मामाने आपल्याला बोली शिकवायच्या आधी तीन मोजायला शिकवलं. तुला आठवत असेलच, पण मला ते लिहायचंय. तो म्हणायचा, या खेळात समोरच्या भिडूशी बोलायची सोय नाही. आपले किती हात होतील, हुकूम कुठला, ते बोलीतूनच सांगायचं. त्यापलीकडे एक शब्द नाही, खूण नाही, भुवईसुद्धा नाही. पण माणूस लबाड, तो गप्प बसूनही बोलतो. झटकन ‘पास’ म्हटलं की भिडूला कळतं याच्याकडे काही नाही. बराच वेळ थांबून ‘पास’ म्हटलं की कळतं, काहीतरी आहे, पण पुरेसं नाही. म्हणून पत्ता सोपा असो की अवघड, मनात तीन मोजायचे आणि मग टाकायचा. आणि एवढं करूनही भिडू कधी थांबलाच, तर आपण थांबणं बघितलंच नाही असं समजून खेळायचं. थांबणं गुन्हा नाही, त्याचा फायदा घेणं गुन्हा. मी काय, एक-दोन मोजून पत्ता आपटायचे. तू मात्र तीन म्हणजे तीन. पुढे पुढे तर जेवताना भाजी हवी का विचारलं तरी तू तीन मोजून ‘हो’ म्हणायचास, आणि तोवर भाजी माझ्या ताटात.

त्या तीनाच्या जिवावर आपण कुठल्या कुठे गेलो! मी दवाखान्याच्या औषधखिडकीवर, तू कवळ्यांच्या वर्कशॉपात उमेदवारी करत होतास, आणि सुट्ट्या जुळवताना नाकी नऊ यायचे. माझी वरिष्ठ म्हणायची, ‘तुमच्या घरात वर्षाला किती लग्नं होतात हो?’ घडीची टेबलं, त्यांवरची हिरवी कापडं, टोक मोडलेल्या पेन्सिली, तालुक्याच्या गावापासून परदेशातल्या हॉटेलांपर्यंत सगळीकडे तेच. चारदा अजिंक्यपद, सहा वर्षं देशाच्या संघात. पेपरात फोटो यायचा तो माझा, कारण बडबड करायची मी. धाडसी बोली माझी, आणि ती निभावली की टाळ्याही मला. बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने पत्ते उघडे करायचे, तसे तू समोर बसून आपले पत्ते टेबलावर ओळीने मांडायचास, एकही वाकडा नाही. लोक तुला ‘ताईंचा भाऊ’ म्हणायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं. तू नसतास तर माझ्या निम्म्या धाडसांची माती झाली असती, हे मी एकदाही कुणाला सांगितलं नाही.

पण पंचांमध्ये नाव होतं तुझं. ‘घड्याळ’ म्हणायचे ते तुला. कुठल्याही टेबलावर कटकट झाली की म्हणायचे, घड्याळाला विचारा, तो सांगेल तसं. तुझ्या शब्दावर दोनदा आपलेच गुण कापले गेले होते, आणि दोन्ही वेळा मी घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. आठवतंय?

आता तो दिवस. आपण दोघांनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही, म्हणून सगळा लिहिते, तुला माहीत असला तरी. पाचव्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर भूगोलाचे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी. दुपारचे साडेतीन, शेवटचा डाव. माझ्याकडे इस्पिकाची सहा पानं, दुसऱ्या रंगाचा एक एक्का, बाकी सगळा पाचोळा. मी इस्पिक बोलले, तू साथ दिलीस, ते दोघं बदामात चढत गेले. प्राध्यापकांनी चार बदाम टाकलं आणि तुझी पाळी आली. तुझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं, लाल सेकंदकाट्याचं. तू बोलीच्या कार्डांतल्या हिरव्या पासला हात लावलास. मागे घेतलास. पत्ते मिटलेस, पुन्हा उघडलेस. मग पास टाकलास. बावीस सेकंद. आयुष्यात पहिल्यांदा तू तीनाच्या पुढे गेला होतास, आणि त्या टेबलावर ते कळलं नाही असं कुणी नव्हतं. प्राध्यापकांच्या पत्नी पास म्हणाल्या. मी चार इस्पिक टाकलं.

तुझे पत्ते उघडे पडले तेव्हा त्यात इस्पिकाची चार पानं आणि चौकटीचं एकच होतं. हवे तेवढे दहा हात झाले. आपण जिंकलो. प्राध्यापकांनी अगदी अदबीने पंचांना बोलावलं. पंचांनी मला विचारलं, ‘तुमच्या भावाने पास म्हणायला वेळ घेतला का?’ हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार इस्पिक रद्द, त्यांचं चार बदाम कायम, अजिंक्यपद त्यांचं. बस, एवढंच. नाव कुणाचंच गेलं नसतं. मी म्हणाले, ‘छे! माझा भाऊ कायम तीन मोजतो, सगळ्यांना माहीत आहे.’

छोट्या, नुसतं खोटं बोलले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तुझं नाव पुढे केलं. तू छत्तीस वर्षं एकेक पत्ता टाकून जे कमावलं होतंस, ते मी एका वाक्यात वापरून टाकलं. मग पंचांनी तुझ्याकडे बघितलं. तू पत्ते गोळा करत होतास. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, ‘ताई म्हणते तसं.’ प्राध्यापक लगेच उठले, ‘यांचा शब्द आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला’ म्हणाले आणि त्यांनी आपल्या दोघांशी हात मिळवले. संध्याकाळच्या फोटोत तू नाहीस. महिन्याभरात तुझी कंबर धरली.

मी मात्र खेळत राहिले. नवी भिडू मिळाली, भूल देणारी डॉक्टर. टेबलावरही समोरच्यांना तशीच गुंगवते. तिच्याबरोबर आणखी तीन अजिंक्यपदं झाली. पण लोकांच्या तोंडी राहिला तो तोच डाव. ‘ताईंची चार इस्पिक’ म्हणून तो पाठ्यपुस्तकात गेला, ‘धाडस’ नावाच्या प्रकरणात. नवीन शिकणाऱ्या पोराटोरांना दाखवतात, बघा, हातात काही नसताना बाई कशी बोलली! मी सगळीकडे म्हणत आले की माझ्या आतून आवाज आला. इतक्यांदा म्हणाले की कधी कधी मलाच तो ऐकू यायचा. लोकांचं सोड, मी स्वतःलाही पटवलं होतं की तू झटकन पास म्हणाला असतास तरी मी चार इस्पिक बोललेच असते. आणि तू त्या दिवशी का थांबलास, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू थांबला होतास हे मान्य करावं लागलं असतं.

गेल्या वर्षापासून मी क्लबात मंगळवारी सकाळी नवशिक्यांचा वर्ग घेते. चौदा जण, सगळे निवृत्त, सगळे हट्टी. त्यांच्यात एक नर्सबाई आहेत. पस्तीस वर्षं रोग्यांच्या नाड्या मोजल्या, त्यामुळे त्यांचं मनगटी घड्याळ आतल्या बाजूला असतं. तीन आठवड्यांपूर्वी मी फळ्यावर आपला डाव काढला आणि नेहमीची टेप लावली. धाडस, आतला आवाज वगैरे. नर्सबाईंनी हात वर केला. अगदी भाबडेपणाने विचारलं, ‘मॅडम, तुमच्या भावाचे पत्ते तर एवढे चांगले होते. मग त्यांना पास म्हणायला किती वेळ लागला?’ आदल्याच मंगळवारी मीच शिकवलं होतं ना, मामाचं तीन मोजणं! त्यांनी दोन धडे जोडले, बस. एकोणीस वर्षांत एवढ्या तज्ज्ञांना जे सुचलं नाही, किंवा सुचूनही कुणी विचारलं नाही, ते त्यांनी विचारलं. खडू हातात तसाच. मला वाटलं, आता म्हणावं तीन. ओठांवर आलं होतं. आणि मी म्हणाले, ‘बावीस सेकंद. मी घड्याळात बघितलं होतं. त्यांनी झटकन पास म्हटलं असतं तर मीही पास म्हणाले असते.’ नर्सबाईंनी उठून मला पाणी आणून दिलं. मी फळा पुसला आणि दुसरा डाव काढला, तोही चुकीचा काढला.

हेच मला तुला सांगायचं होतं, एकोणीस वर्षांपासून. मी पास म्हणाले असते. चार इस्पिक मला तुझ्या बावीस सेकंदांनी दिलं.

त्याच आठवड्यात मी प्राध्यापकांच्या घरी गेले. ते चार वर्षांपूर्वी गेले, हे तुला माहीत आहे. बाई बाल्कनीत कुंड्यांतली माती उकरत होत्या. हात मातीने भरलेले, त्यामुळे मला बसायला सांगून तशाच ऐकत राहिल्या. माझं सांगून झाल्यावर म्हणाल्या, ‘अहो, आम्हाला माहीतच होतं. ह्यांना तर तिथेच कळलं होतं.’ मग तक्रार मागे का घेतली, असं मी विचारलं. म्हणाल्या, ‘तुमच्या भावाचा चेहरा बघवेना. हे म्हणाले, त्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारला तर तो रडेल. अजिंक्यपद काय, पुन्हा मिळेल.’ त्यांना ते पुन्हा मिळालं नाही. बाईंनी मला चहा करून दिला. मी तिथे जी रडले, छोट्या, ती वयाला शोभेल अशी रडले नाही.

दुसऱ्या दिवशी मी संघटनेला लेखी कळवलं की ते अजिंक्यपद आमचं नाही, प्राध्यापक जोडीचं आहे. सचिव धावतपळत घरी आले. चांगला माणूस आहे, पण घाम फार येतो त्याला. त्याची अडचण अशी की नव्या सभागृहात भिंतीवर आपला तोच डाव लावायचा ठरलाय, वर तुझं-माझं नाव, आणि भावा-बहिणीच्या जोडीसाठी नवा करंडकही. फलक रंगवून तयार आहे. म्हणाला, ‘ताई, तक्रारीची मुदत सामना संपल्यावर अर्धा तास असते. एकोणीस वर्षांनी कशाला उकरता?’ मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने आवाज मऊ केला. या वयात आठवणींची सरमिसळ होते, त्याच्या आईचंही असंच व्हायचं, म्हणाला. मला इतका राग आला की मी त्याला त्या डावातले बावन्नच्या बावन्न पत्ते कुणाकडे कुठले होते ते म्हणून दाखवले. तेव्हा कुठे त्याने आईचा विषय सोडला. पण जाताना जे म्हणाला, त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

तो म्हणाला, अजिंक्यपद दोघांचं आहे, एकीच्या सांगण्यावरून काढता येत नाही, पंचांची नोंद तुमच्या भावाच्या शब्दावर झाली होती, तेव्हा आता त्यांनाच विचारतो. सोमवारी सकाळी तुला त्याचा फोन येईल. तू काही झालं नव्हतं म्हणालास, तर माझं पत्र फाइलला लागेल, म्हातारीचा भ्रम म्हणून, आणि फलक भिंतीवर चढेल. तू तीन मोजशील आणि मला वाचवशील, हे मला इथे बसून दिसतंय. या वेळी नको, छोट्या. त्याला सांग, थांबलो होतो. किती वेळ तेही सांग. माझ्या पत्रात काय आहे ते विचारू नकोस, मी काय म्हणते त्याचा हवाला देऊ नकोस, तुझ्या तोंडाने सांग. तुझंही नाव निघेल त्या भिंतीवरून, आणि ते काढायला लावायचा मला हक्क नाही, म्हणून हात जोडून मागते. पुन्हा माझ्याशी खेळ असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण एकोणीस वर्षं तू माझं खोटं सांभाळत बसलायस आणि त्यापायी तुला जगात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सोडून दिलीस. त्या दुपारी मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि तू त्रेचाळीस. आपल्या दोघांत मोठी मी होते रे. वाचवायचं काम माझं होतं.

तुझीच,
ताई